मधल्या खोलीखालचा आवाज

आमच्या महाडच्या घराखालून एक वहाळ, म्हणजे छोटा ओढा, जातो आणि पुढे सावित्री नदीला मिळतो. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी त्याच्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर घरं चढली आणि आळी त्याला विसरून गेली. सासूबाई तेवढ्या विसरल्या नाहीत. त्या तुडीलच्या, नदीकाठी वाढलेल्या. पावसाळाभर मधल्या खोलीतल्या त्यांच्या पलंगाखालून पाणी पडल्याचा आवाज यायचा. तो चालू आहे तोवर काळजी नाही. तो थांबला की समजायचं, सावित्री चढली, वहाळाचं पाणी मागे फिरलं. मागच्या मोठ्या पुरात आवाज थांबल्यावर तासाभरात उंबऱ्याशी पाणी आलं होतं. तेव्हा त्या आपल्या पायांनी जिना चढल्या. आता त्यांचं कंबरेखालचं अंग हलत नाही. खुर्चीत बसवून वर न्यायला चार माणसं लागतात आणि घरात मी आणि नवरा, दोघंच.

मी मुळात धास्तावणारी. एवढा भरवसा ज्या आवाजावर, तो येतो कुठून हे मला बघायचंच होतं. उन्हाळ्यात आळीने मिळून वहाळ साफ करायला काढला, तेव्हा ओढणी कमरेला बांधून मी गवंड्याच्या मागोमाग परसातल्या भोकातून खाली उतरले. "तुला कुणी सांगितलंय हे?" असं नवरा वरून विचारत राहिला. कुणीच सांगितलं नव्हतं.

आत वाकूनच चालायचं. पायाखाली चिखल, डोक्यावर पाझरणारा स्लॅब, बॅटरीच्या उजेडात पळणारी झुरळं. घरं ओळखायची ती पाइपांवरून. शेजारच्या मोरीतलं भांड्यांचं पाणी माझ्या खांद्यावर पडलं, म्हणजे पुढचं घर आपलं. आपण रोज जिथे वावरतो ते सगळं डोक्यावर आहे या विचाराने मी मान आणखी खाली घातली. बरोबर मधल्या खोलीखाली एक चपटा काळा दगड आडवा पडला होता आणि त्याच्यावरून बारीक धार हातभर खाली पडत होती.

गवंडी कुडपणचा, मोजकं बोलणारा. "बाय, सगळा कचरा ह्या दगडाला अडकतोय. काढू काय?"

दगडामागे फांद्या, पिशव्या, कुणाची तरी चप्पल. मी म्हटलं, "काढा." दगड वर आला. त्याच्यावर मी कपडे धुवायला लागले.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जुलैत एका दुपारी बाहेर पहिल्यांदाच धो धो पाऊस आणि सासूबाई म्हणाल्या, "आवाज नाय गो येत." मी आळीतून माणसं गोळा केली. चौघांनी त्यांना वर नेलं. त्या वेदनेने कण्हत होत्या. नवरा नदी बघून आला, तर ती बरीच खाली. दोन दिवसांनी पाऊस वाढला आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोलवायला गेले तेव्हा शेजारी आले खरे, पण एकमेकांकडे बघत आले. परत येऊन मी परसातल्या त्या दगडाकडे पाहिलं आणि त्याच्यावरून पडणारी धार आठवली. आवाज मीच बंद केला होता.

उघडीप मिळताच गवंड्याला बोलावलं. "लोक दगड काढायला बोलावतात," एवढंच तो म्हणाला. गुडघाभर पाण्यात मी बॅटरी धरली आणि त्याने अंदाजाने दगड बसवला.

पाऊस पुन्हा धरला आणि आवाज आला. सासूबाईंचा चेहरा सैल झाला. मी त्यांच्याजवळ बसून मनात मापं घेत होते. दगड पहिल्यापेक्षा चार बोटं जरी उंच बसला असेल, तर नदी चढल्यावरही धार लवकर बुडणार नाही, आवाज येतच राहील, थांबेल तो उशिरा. मग त्यांना वर न्यायला तासभर मिळणार नाही. किती मिळेल, कुणाला ठाऊक. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी माझा हात थोपटला. "किती दिस झोपली नाय तू. पड जरा. तो थांबला तर मी उठवीन तुला."

मी त्यांच्या पलंगाशेजारी चटई टाकून आडवी झाले आणि त्यांना बरं वाटावं म्हणून डोळे मिटून घेतले.