शेवटच्या ओळीतलं नाव

"करवंटी नीट धर. सांडशील."

बुवांनी वरून चहा ओतला. ते ओटीवर, मी खाली खळ्यात, उन्हात. घरात कपबश्या होत्या. आमच्या वाडीसाठी करवंट्या, कुंपणाला अडकवलेल्या. मी सतरा वर्षांची. आणि काय हरखले हो! शाहिरानं स्वतःच्या हातानं चहा ओतला म्हणून. अशी बावळट.

बुवा जाखडी नाचाचे शाहीर. सामन्यात समोरच्या पार्टीला गाण्यातून सवाल टाकायचे. ते सवाल मी रचायची, काजूच्या कारखान्यात बी फोडता फोडता. ते वहीत उतरवून घ्यायचे. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची आमच्याकडे रीत आहे. ते नाव बुवांचं. जबरदस्ती कोणी केली नव्हती, मीच घातलं. त्यांचं लांबलचक नाव चालीत बसेना, तर दोन दिवस झटले. माझं दोन अक्षरांचं. कुठंही बसलं असतं.

लांज्याचा सामना बुवांनी जिंकला. मी बायकांच्याही मागे, आमच्या ठरल्या जागी उभी. त्यांना फेटा बांधला तेव्हा धीर करून पुढे गेले. म्हटलं, "बुवा, एकदा माझं नाव घ्या ना."

"तुझं नाव? माझ्या तोंडातनं? मग आंघोळ करूक लागंल गो मला!"

अख्खी पार्टी हसली. आणि मी? मीही हसले. बाईसाहेबांना विनोद कळला!

पुढे चाळीस-पन्नास वर्षं हीच गोष्ट मी कौतुकानं सांगत होते. बुवा जिंकले ते माझ्या गाण्यावर, म्हणून. एकदा नात म्हणाली, "आज्ये, पण तू हसलीस कशाला?"



मग तिनं त्या करवंटीवर, त्या हसण्यावर रॅप केलं. गोधडीत डोकं खुपसून, फोनवर. बाहेरचे कोंबडे ऐकू येऊ नयेत म्हणून. पाठीशी कंपनी नाही, कोणी नाही. स्वतःच नेटवर टाकलं. शेवटच्या ओळीत आधी माझं नाव, मग तिचं. पालीच्या स्टँडवर पोरं ते वाजवायला लागली. मग रत्नागिरीत स्टेज, कोल्हापुरात स्टेज. मुंबईचे रॅपवाले विचारायला लागले, ही दक्षिण रत्नागिरीची पोरगी कोण?

मग मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीचा माणूस घरी आला. मी पाणी पुढे केलं. त्यानं स्वतःची बाटली काढली.

"गाणं कडक आहे. करवंटी तेवढी काढू. शेवटची नावंबिवंपण. लोकांना नाचायचं असतं, आजी."

नात म्हणाली, "नाही." तो हसत हसत गेला.

दोन महिन्यांनी गाणं आलं. चाल तीच. शब्द जरा फिरवलेले, आवाज दुसऱ्याच मुलीचा. करवंटी नाही. नावं नाहीत. आमच्याच वाडीत, हळदीला, डीजेवर वाजलं. आमचीच माणसं नाचली. शेजारीण मला म्हणते, "तुझ्या नातीच्यासारखाच वाटता गो!"

नातीला स्टेजवर बोलावणं बंद झालं. म्हणतात, ते गाणं तर त्या मुलीचं. वकील म्हणाला, लढ, पण म्हातारी होशील. आता ती काजूच्या कारखान्यात जाते. बोटं चिकानं माझ्यासारखीच काळी झालीत.

परवा घरी येऊन बसली. "आज्ये, संपलं."

"फोन काढ."

"कोण ऐकणाराय आता?"

"कोण नाय. काढ तू."

मला माहीत आहे, कोणी ऐकणार नाही. बुवा मेले, त्यांच्या नावाची कमान उभी आहे गावात. माझ्या तोंडात चार दात. पण नाव शेवटी घातलं की कापायला सोपं जातं, एवढं आता मला कळलंय. सतरा वर्षांच्या त्या शहाणीला कळलं नव्हतं. म्हणून नव्या गाण्यात दोघींचं नाव पहिल्या ओळीत. दुसरीत. प्रत्येक ओळीत, मधोमध. कापायला बसाल तर हाती नुसती ढोलकी उरेल.

पहिली ओळ मी म्हटली. हसले नाही.

चोरायचंच असेल, तर आता आमच्या नावासकट चोरा.