भिलाईच्या कॅम्पसवरची लाखोळी

"जानेवारीत कुठे जाणार फिरायला?" असं स्टाफरूममध्ये विचारलं गेलं तेव्हा मी "भिलाई" म्हटलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" आमच्या नागपुरातून लोक भिलाईला लग्नाला जातात, बारशाला जातात, फिरायला कोणी जात नाही. पण माझी भाची आम्रपाली, म्हणजे आमची आमू, तिथे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा फोन आला होता, "आत्या, शनिवारी आमच्या शेताची परीक्षा हाय. तू ये." कॉम्प्युटर शिकणारी पोरगी शेताची परीक्षा देते म्हटल्यावर मी तर बैलगाडीनेही गेले असते.

बैलगाडीची गरज पडली नाही. गुरुवारी सकाळची गाडी पकडली. थंडीत एसीवर पैसे उधळू नका, स्लीपर छान आहे. खिडकी मात्र सोडू नका, कारण गोंदियाच्या पुढे दरेकसाचं जंगल आणि बोगदा लागतो, आणि मग डोंगरगडची टेकडी पायऱ्यांसकट दिसते. पोळ्या आणि ठेचा घरून न्यावा. स्टील प्लांटच्या वसाहतीकडे, म्हणजे सेक्टरांकडे, किंवा कुरुदला जायचं असेल तर दुर्गला उतरायची घाई करू नका, पुढे भिलाई पॉवर हाऊस स्टेशनपर्यंत बसून रहा. तिथून शेअर ऑटो मिळतात, फक्त बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. मला ऑटो लागली नाही. माझा भाऊ, म्हणजे आमूचा बाप विजयदादा, स्कूटर घेऊन उभा होता.

दादा भंडाऱ्याकडून तरुणपणीच इकडे आला, जन्मभर स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, राबला आणि रिटायर झाल्यावर त्याने कुरुदला घर बांधलं. कुरुद आता ना धड गाव, ना धड शहर. एका बाजूला तीन मजली घरं, दुसऱ्या बाजूला म्हशी. दादाच्या गल्लीतल्या निम्म्या घरांवर कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. वहिनीने जेवायला वाढता वाढता त्यांच्याकडे बोट दाखवलं. "खेड्यातले पोट्टे हायेत. एकच टाइम शिजवतात. विचारलं तं म्हणतात, आंटी, भूक नाई." वहिनी ते सांगताना चिडली होती, आणि तिचं चिडणं मला फार आवडलं.

संध्याकाळी आमूने कॅम्पसवर नेलं. हॉस्टेलच्या मागे पूर्वी काटेरी झुडपं होती. आमू आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी ती काढली, मेसमधली सालं आणि उरलंसुरलं कुजवून खत केलं, पावसाळ्यात धान लावलं, हिवाळ्यात भाज्या. दर बुधवारी दुपारी इथल्याच भात-भाजीचं ताट मिळतं. कोणीही यावं, कोणी काही विचारत नाही. तरी कुरुदच्या खोल्यांवरची पोरं लांब, पाण्याच्या टाकीमागे बसून जेवतात, असं आमू म्हणाली. बुधवारचं ताट म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्याचं ताट, असा शिक्का बसलेला.

आणि आता जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. बाजूला खडीचा ढीग. इथे पार्किंग होणार होतं. आमू प्राचार्य मॅडमना जाऊन भेटली, भांडली म्हटलं तरी चालेल, तेव्हा त्यांनी अट घातली: शनिवारी दुपारी अख्ख्या हॉस्टेलला याच जमिनीतलं जेवण द्या. जमलं तर जमीन तुमची, नाही तर सोमवारी खडी पसरणार.

"मग तयारी झाली का?" मी विचारलं.

"तांदूळ आपला हाय. टमाटर हाय. पण आत्या, पालक गेला."

"कुठे गेला?"

"मरून गेला."

खरंच गेला होता. वाफेच्या वाफे पिवळे पडलेले. रोप उपटलं की मूळ बोटाला चिकट लागे. आणि हे कसं झालं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. यातली बहुतेक प्लांटवाल्यांची पोरं. शेतातही त्यांनी शिफ्ट लावल्या होत्या, सकाळी ए आणि संध्याकाळी बी. दादाने त्यांना प्लांटचा धर्म शिकवला होता की पुढच्या शिफ्टवर काम ढकलून जायचं नाही, ती नामुष्की. म्हणून ए शिफ्ट जाताना वाफे भरभरून पाणी देऊन जाई. बी शिफ्टही जातीची प्लांटवाली, तीही काम शिल्लक ठेवत नसे. त्यात परीक्षा जवळ आली तसा दोघींचा उत्साह वाढला. पालक बिचारा कर्तव्यात बुडाला.

दादा आधी म्हणाला, "बरोबर तं केलं पोट्ट्यायनं." मग वाफ्यात बोट खुपसून पाहिलं आणि कान खाजवत म्हणाला, "लोखंडाले चालते बावा. पालकाले नाई चालत."

शुक्रवारी सकाळी सगळी टीम बांधावर बसली. आमूचा उजवा हात म्हणजे लोकेश, कुम्हारीजवळच्या खेड्यातला, कुरुदच्याच खोलीवर राहणारा. तो म्हणाला, "दीदी, मंडी से पालक ले आते हैं. किसको पता चलेगा?"

आमू बांधावरचं ढेकूळ बोटांनी फोडत बसली. मला वाटलं, हो म्हणेल. मी तरी म्हटलं असतं. ती म्हणाली, "मले पता चलेगा न. विकतचाच पालक खाऊ घालायचा असल तं जमीन कावून मागून राहिलो आपण?"

मग ती उठली आणि धानाच्या रिकाम्या तुकड्याकडे गेली. रिकामा कसला? धान उभं असतानाच त्यात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकून ठेवायचं, धान कापलं की जमिनीतल्या ओलीवर ती आपली आपण वाढते. आमच्या भंडाऱ्यालाही करतात आणि इकडेही, इथे तिला तिवरा म्हणतात. तिला पाणी द्यावं लागत नाही, म्हणून ती कुठल्याच शिफ्टमध्ये नव्हती, आणि म्हणून जिवंत होती. गुडघ्याच्या खाली, हिरवीगार, गच्च.

"ही भाजी करू," आमू म्हणाली.

लोकेशचा चेहरा उतरला. "दीदी, गाँव म रोज खाथन, फेर इहाँ कोनो ला नइ बतावन." गावात रोज खातो, पण इथे कोणाला सांगत नाही. हॉस्टेलची पोरं हसतील, पुढे नावच पडेल, ही भीती. मला ती भीती कळली. मेसच्या ताटात पनीर असलं की मान ताठ राहते, तिवरा असला की खाली जाते.

"हसू दे," आमू म्हणाली. "तू बोलू नको. मी सांगतो आमची भाजी हाय म्हणून." विदर्भाकडच्या काही घरांत मुलीही "मी सांगतो" म्हणतात, आमू त्यातलीच. मला एकदम तिचा अभिमान वाटला, इतका की उगीच पदराने चष्मा पुसत बसले.

शनिवारी उजाडल्यापासून खुडणी. शेंडा फक्त अंगठा आणि बोटाच्या नखांनी खुडायचा, खाली हात घालायचा नाही. शेंडा घेतला की बाजूने फुटवे येतात. मीही बसले. थोड्याच वेळात माझा अंगठा हिरवा आणि कंबर वाकडी. दादाला खुडायला दिलं तर तो फांद्याच उपटायला लागला, म्हणून त्याला लसूण सोलायला बसवला.

ज्यांनी पालेभाजी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डोंगराएवढी भाजी पातेल्यात गेली आणि चार वेळा डाव फिरवेपर्यंत टेकडी झाली. लसूण, सुकी मिरची, टमाटर, वरून कच्च्या तेलाची धार. वास चांगला सुटला होता, पण पातेलं अर्ध्यावर.

जेवणाची घंटा झाली. प्राचार्य मॅडम पोरांच्याच रांगेत उभ्या राहिल्या. पहिली काही पोरं ताटाकडे बघून एकमेकांना कोपर मारत होती. एकाने विचारलं, "ये क्या घास है?" दोघे-तिघे हसले. लोकेश वाढत होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मग हसणाऱ्यांनीच भातात कालवून खाल्लं, आणि थोड्या वेळाने त्यातलाच एक ताट घेऊन परत आला. "भैया, और मिलेगा?"

मिळेल कुठून? रांग दारापर्यंत आणि पातेल्याचा तळ दिसायला लागलेला. आमू टोपल्या उचलून शेताकडे धावली. मागे टीम, टीममागे रांगेतली पाच-सहा पोरं, ज्यांना शेंडा कुठला आणि तण कुठलं हेही माहीत नव्हतं. जेवणारे थांबले, खुडणारे खुडत राहिले, दुसरं पातेलं चढलं. बाकी कोणी रांग सोडली नाही.

मॅडमनी ताट संपवून विचारलं, "कौन सी भाजी है ये? कहाँ से आई?"

आमू उत्तर द्यायला पुढे झाली, पण लोकेश आधी बोलला. मोठ्याने, डाव हातात धरून. "मैडम, येला हमर गाँव म तिवरा भाजी कहिथें. हमन रोज खाथन."

मॅडम म्हणाल्या, "अच्छी है," आणि हात धुवायला गेल्या. एवढंच. मला राग आला, एवढी कंजुषी कशाला? पण रविवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा मजूर खडी घमेल्यांनी ट्रॉलीत भरत होते. सायकल स्टँडच्या पलीकडे न्यायची, असं त्यांना सांगितलं होतं. आमू तडक शेतात गेली. चुन्याच्या रेघांवर खुरपं घेऊन बसली आणि माती उलथत राहिली.

तुम्ही कधी गेलात तर डिसेंबर-जानेवारीत जा, सिव्हिक सेंटरला सकाळी गरम पोहा-जलेबी खा, आणि बुधवार बघून जा. कॅम्पसवर आधी विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत.

मी सोमवारी परतले. बॅगेतून लाखोळीची एक जुडी आणली होती, तीही वाटेत कोमेजली. फोटो फारसे चांगले आले नाहीत. कोणी विचारलं काय पाहिलंस, तर दाखवायला हातात काही नाही, हे खरं आहे.

पण बुधवारी दुपारी आमूचा फोन आला. मागे भांड्यांचा नुसता गोंगाट.

"आत्या, आज हॉस्टेलवाले बी लायनीत आले. तिवरा पाहिजे म्हणून. समदे सोबतच बसले, टाकीमागं कोणीच नाई गेलं. यातला कोण भुकेनं आला अन् कोण चवीनं, मले बी नाई समजून राहिलं." मग मोठ्याने, "ऐकून राहिली न तू?"

मी ऐकत होते. पुन्हा पदराने चष्मा पुसत होते, एवढंच.