हेडर मी निवडला होता

वर्कशॉप आता मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन खुर्चीत बसतो, दुपारी गुडघे कुरकुरायला लागले की घरी येतो. यंदा पावसाळा सरता सरता एक गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीला सुपरचार्जर बसवून घेतला होता, इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. आता हेडर निवडायचे होते. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा जळका धूर बाहेर आणणारे पाइप. पुढे ते सगळे एका नळीत मिळतात.

मुलाने टेबलावर दोन नमुने ठेवले होते. एक पातळ स्टेनलेसचा, लांब, वळणदार, आरशासारखा. दुसरा जाड पत्र्याचा, आखूड आणि ओबडधोबड.

"काका, तुम्ही सांगा ना," गिऱ्हाईक मला म्हणालं.

मुलगा हसला. "बाबांना विचारा. फक्त आमच्या सटाण्याच्या काकांना विचारू नका. त्यांनी ट्यून केलेली गाडी वणीच्या गडाच्या घाटात पेटली होती. घरात आम्ही त्यांना आगकाडीच म्हणायचो."

दोघेही हसले. मी कपातला चहा संपवला. अशा वेळी काही न बोलायची मला सवय झालेली आहे. त्या दिवशी मात्र घरी जाऊन पडलो तरी डोळा लागेना.

ते असं झालं होतं. तेव्हा वर्कशॉप मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवायचो. वेल्डिंग आणि पाइपकाम माझं, इंजिन ट्यून करणं, म्हणजे स्क्रूने पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवणं, त्याचं. पंचवटीतल्या एका गृहस्थाची गाडी आली, त्यांनाही सुपरचार्जर हवा होता. भाऊ म्हणाला, "दादा, हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे आगही जास्त. पाइप जाडच पाहिजे. आणि खालून आधार दे, नाहीतर सगळं वजन वेल्डवर लटकेल."

मला जाड पाइप आवडत नव्हते. त्यांचा आवाज घोगरा येतो. पातळ स्टेनलेसचा आवाज कसा खणखणीत, मालकाला ऐकवला तर त्याने टाळ्याच वाजवल्या. मी पातळच केले. आधाराची पट्टी लावली तर वळण झाकलं जात होतं, म्हणून तीही लावली नाही.

भावाने निदान घाटात ट्रायल घेऊ म्हणून हट्ट धरला. पण दसरा जवळ आला होता. मालकाच्या आईचं म्हणणं, गाडी बाहेर पडली की आधी गडावर, देवीपुढे नारळ फुटल्याशिवाय ती दुसरीकडे कुठेही पळवायची नाही. आमच्याकडे सगळेच असं करतात, मीही केलं असतं. भाऊ म्हणाला, "अहो आजी, गडाचाही घाटच आहे. तिथं ट्रायल देवी घेणार का?" म्हातारी रागावली. मी भावाला सगळ्यांसमोर गप्प केलं आणि खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा उरकली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी वणीच्या रस्त्याला लागली. नांदुरीच्या पुढे, चढावर, पेटली. मायलेक वेळेत उतरले. म्हातारीचा खांदा भाजला.

जळकी गाडी टेम्पोतून वर्कशॉपला आणली. मालकाने भावाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. म्हणाला, ह्याने पेट्रोल कमी सोडलं, म्हणून इंजिन तापलं. भाऊ रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसून राहिला. मी एकट्याने गाडी उघडली. हेडरला वेल्डपाशी बोट जाईल एवढा तडा गेला होता. तिथून निघालेली ज्वाळा थेट वायरिंगवर. मग स्पार्क प्लग काढले. पेट्रोल कमी पडलं तर प्लग पांढरे पडतात. हे बिस्किटी रंगाचे होते, भाऊ नेहमी आणायचा तसाच रंग. त्याचं काम बरोबर होतं.

मी बाहेर आलो. मालक होता, टपरीवरची माणसं होती. भावाने विचारलं, "दादा, प्लग कसे निघाले?"

"पांढरे," मी म्हणालो.

तो दिवाळीनंतर बायकोच्या माहेरी, सटाण्याला निघून गेला. तिथे फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मोटारीच्या इंजिनाला त्याने पुन्हा हात लावला नाही. दर दसऱ्याला नांदुरीपासून गडावर अनवाणी चढतो हे ऐकून होतो. भाविक झाला असेल, असं मी स्वतःला समजावत आलो.

मुलाच्या त्या थट्टेनंतर मी एसटीने सटाण्याला गेलो. भाऊ दुकानात पंप उघडून बसला होता. एक शेतकरी दारातून ओरडला, "भाऊ, पंप तयार शे का?" त्याला त्याचा पंप देऊन भावाने मला स्टूल पुसून दिलं. मी बसलो आणि प्रस्तावना न करता म्हणालो, "प्लग पांढरे नव्हते. बिस्किटी होते. हेडरला तडा गेला होता."

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "मला वाटायचं, त्या म्हातारीला मी भाजलं. स्क्रू कुठे चुकला, हे अजून रात्री पाठीवर पडून आठवत बसतो."

"मी..."

"राहू दे, दादा. मला सांगून काय उपयोग? ज्यांना पांढरे म्हणून सांगितलंस, त्यांना सांग."

त्याने चहा मागवला, पण स्वतः प्यायला नाही.

पंचवटीत जाऊन खरं काय ते सांगून आलो. मालक आता थकलेत. म्हणाले, "आई तर गेली हो. शेवटपर्यंत तुमच्या भावाला शिव्या देत होती." टपरी उठली, माणसं पांगली. त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरा मार्ग नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मुलाला त्या गिऱ्हाइकासमोरच सांगितलं. मुलाने पातळ नमुना टेबलावरून उचलून ठेवला आणि तो कामाला लागला. हेडर जाड लावला, खाली आधार दिला. गिऱ्हाईक म्हणालं, "आधी गडावर जाऊन येतो." मी म्हणालो, "आधी ट्रायल. देवी कुठं जात नाही." ट्रायल कसाऱ्याच्या घाटात झाली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मुलानेच त्याला कळवलं असावं.

"घाट चढली का?"

"चढली."

"प्लग काढून बघितले?"

"आत्ताच काढले. रंग..."

"तू नको सांगू," तो म्हणाला. "पोराकडे फोन दे."

मी फोन मुलाकडे दिला. त्याने प्लग उजेडात धरले आणि तो काकांना एकेकाचा रंग सांगायला लागला.