थोरल्या सिस्टरला द्यायचा निरोप

भुताखेतांचा विषय निघाला की मी आजवर एकच काम करत आले – उठून चहा टाकायचा. आमच्या घरातले अंगारे-धुपारे वडिलांनीच बंद केले होते, आणि त्यात मी नर्स. गेलेली माणसं मी स्वतः पुसून, जबडा बांधून घरी पाठवली आहेत. त्यातलं एकही परत येऊन "सिस्टर, जरा सैल बांधला होता" म्हणालेलं नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर लावत असते. आज तुम्ही माझ्या काखेत लावा.

एक मात्र आधीच सांगते. या अनुभवात भीती कमी आणि लाज जास्त आहे. मुलांना मी यातला विनोदाचा भाग रंगवून सांगते आणि बाकीचा गाळते. इथे गाळलेला भाग लिहिते आहे.

एकोणऐंशी सालची, म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या बाजूला चाळीस खाटांचं एक हॉस्पिटल होतं – नाव नको. तळमजल्यावर बायकांचा वॉर्ड. दोन्ही बाजूंना सहा-सहा खाटा, मधून वाट, टोकाला चादरी-कपड्यांची खोली. वाऱ्याबरोबर तंबाखूचा खकाणा आत यायचा आणि सगळा वॉर्ड शिंकायचा, म्हणून दुपारी खिडक्या बंद.

तिथे मी चौदा वर्षं काढली होती. वजन अठ्ठ्याण्णव किलो. वखारीत तंबाखू भरलेल्या त्या अजस्र गोणीला 'बोद' म्हणतात. माझ्या पाठीमागे मलाही तेच म्हणायचे. "बोद आलं, सरका!" मीही हसायचे. जाड बाईला दुसरा इलाज नसतो. पण त्या बोदाची एक मिजास होती. अंगावरून वारं गेलेली, लाकडासारखी जड झालेली बाई कुशीवर वळवायला बाकीच्यांना दोघी लागायच्या, मला कुणी लागायचं नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तोंडाने – "एक… दोन… आणि चला माहेरी!" पेशंट हसेपर्यंत वळलेली असायची.

मग गुडघे बोलायला लागले. जिना चढताना ते बोलायचे आणि अख्खं हॉस्पिटल ऐकायचं. मुंबईला माझा धाकटा भाऊ होता. त्याने कळवलं, इथे एक सर्जन जाड माणसांचं आतडं मधेच जोडून वाट आखूड करतात. अन्न अंगी लागायच्या आत बाहेर. असं ऑपरेशन तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं. मी गेले. जाताना हॉस्पिटलात आणि आईलाही सांगितलं – पित्ताचे खडे झालेत. खरं फक्त नवऱ्याला आणि भावाला माहीत. जाड असण्याची लाज होतीच, तिच्यावर आता ती कापून काढण्याची लाज चढली.

रजा वाढवत वाढवत दहा महिन्यांनी परत आले तेव्हा मी एकोणसाठ किलो होते. आईने दारातच दंड चाचपला. तिने तीस वर्षं वखारीत तंबाखू निवडली, अर्ध्या भाकरीवर दिवस काढले, आणि माझं वजन हा तिचा एकुलता एक दागिना होता. बरोबरच्या बायकांना सांगायची, "माझी लेक दारात हुबी ऱ्हायली तर घरात अंधार पडतोय!"

"कुणी उपाशी ठेवलं गं तुला?"

"खडे काढले, आई."

"खडं काढलं का लेक काढली?"

मी विषय बदलला. चहा टाकला.

ड्यूटीवर मेट्रनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या बेळगावच्या, मराठी बोलतानाही कानडी सूर. "येन सिस्टर, निम्मी कुठे ठेवून आलात? एक महिना बघते. वॉर्ड झेपला तर ठीक, नाहीतर घरी विश्रांती." त्या महिन्यावर माझी नोकरी टांगलेली होती.

आणि मला झेपत नव्हतं. खरं सांगते… पाय थरथरायचे, डोळ्यांपुढे काजवे. जेवणाचा घास पोटात पडला की पंधरा मिनिटांत मी संडासाकडे पळत असे. आखूड वाटेचं आतडं माणसाला फार लांबचं नियोजन करू देत नाही.

सहा नंबरच्या खाटेवर गंगाआक्का होत्या. कोगनोळीच्या. डावं अंग गेलेलं, तोंड मात्र शाबूत. पाठीवर माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग उठला होता. डॉक्टर सांगून गेले होते, "इथली कातडी फुटली तर ही बाई घरी जाणार नाही. दर दोन तासांनी कूस बदला, पाठ स्पिरिट-पावडरने चोळा." खाटेच्या पायथ्याला तक्ता टांगलेला. दोन, चार, सहा… वळवलं की तासापुढे खूण आणि सही.

पहिल्या दुपारी मी आक्कांच्या खांद्याखाली हात घातला. खांदा हललाच नाही. मीच खाटेवर पडायच्या बेताला आले.

"ऱ्हाऊ दे बाई," आक्का म्हणाल्या, "तूच पडशील आन् मला तुला उचलाय यायची न्हाय."

आया कासव्वा दारात होती. तिला हाक मारली असती तर दोघींनी मिळून सहज झालं असतं. पण हाक मारायची म्हणजे कबूल करायचं. मग ती विचारणार, खड्यांच्या ऑपरेशनने एवढी ताकद कशी गेली? मी हाक मारली नाही. तक्ता घेतला आणि दोन, चार, सहा – तिन्ही तासांपुढे एकदम खुणा केल्या. सह्या केल्या. चादरी मोजायच्या निमित्ताने कपड्यांच्या खोलीत जाऊन गाठोड्यावर बसले, डोकं भिंतीला टेकून.

चारच्या सुमाराला मन खाऊ लागलं म्हणून बाहेर आले. आक्का उजव्या कुशीवर होत्या. मी सोडून गेले तेव्हा डाव्या कुशीवर होत्या. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल, पाठीला ताजी पावडर. आणि लुळ्या डाव्या मुठीत पट्टीच्या कापडाची गुंडाळी, बोटं आखडू नयेत म्हणून. ती गुंडाळी ठेवायची रीत त्या वॉर्डात एकट्या माझी होती.

"कुणी वळवलं, आक्का?"

"ती मोठी शिस्टर आलती की. तुजी थोरली भन असंल. तोंड तुज्यागतच, अंगानं दांडगी. हात कसला उबदार गं तिचा!"

मी कासव्वाला विचारलं. ती म्हणाली, "मी हात लावला न्हाय बाई. माजी कंबर धरलीया सकाळधरनं. आन् माज्या म्होरनं कोण आत गेलं न्हाय."

वॉर्डाला दार एकच होतं, आणि कासव्वा त्याच्या उंबऱ्यावर बसलेली असायची.

आता कुठल्याही शहाण्या बाईने काय केलं असतं? घाबरली असती, कुणाला तरी सांगितलं असतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन खुणा केल्या आणि जाऊन गाठोड्यावर बसले. चार दिवस! मनातून म्हटलं, कोण का असेना, काम होतंय ना. भुताकडून ड्यूटी करून घेणारी नर्स सीमेच्या अलीकडे-पलीकडे मी एकटीच असेन. मुलं इथे पोट धरून हसतात. इथपर्यंत मी त्यांना सांगते.

चौथ्या दिवशी मेट्रनबाई राउंडला आल्या. आक्कांची पाठ पाहिली. लाल डाग फिका झाला होता. सगळ्या नर्सेसना बोलावून म्हणाल्या, "ही पाठ बघा. अशक्त असून सिस्टरने कशी ठेवलीय बघा. शिका."

मी म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

थँक्यू म्हणाले मी. या लिखाणात सगळ्यात जास्त वेळ मला हे वाक्य लिहायला लागला आहे.

पाचव्या दिवशी मी कपड्यांच्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून बसले. भेटायला येणारी माणसं पाचला येत. चार वाजले होते, लख्ख उजेड, वॉर्ड पेंगुळलेला. आणि पावलं आली. कुठून आली ते कळलं नाही, वॉर्डाच्या मधूनच सुरू झाली. सपाट, जड, डावं पाऊल जास्त दाबून. स्वतःची चाल माणसाला सहसा ऐकू येत नाही. मला त्या दिवशी आली.

फटीतून पाठ दिसली. रुंद. पांढरी साडी, पांढरं ब्लाऊज. उजव्या काखेत शिवण उसवलेली आणि निळ्या दोऱ्याने शिवलेली. घरातला पांढरा दोरा संपला म्हणून मीच ती घाईत शिवली होती. त्या ब्लाऊजची तर मुंबईला जायच्या आधीच घरी फडकी झाली होती.

"एक… दोन… आणि चला माहेरी!"

गंगाआक्का खुदखुदल्या. मग त्यांनी विचारलं, "ती दुसरी कुटं गेली गं, वाळकी?"

आणि माझा आवाज म्हणाला, "बसू दे तिला. आजारी आहे ती. कुणाला सांगू नका हं, आक्का."

मी उठले नाही. तुम्हाला वाटेल, घाबरले म्हणून. नाही. चौदा वर्षं मी जिला आरशात टाळलं, जिच्यावर हसणाऱ्यांबरोबर हसले, जिला कापून टाकायला मुंबईपर्यंत गेले… तीच माझं काम करत होती आणि वर मला पाठीशी घालत होती. कुठल्या तोंडाने उठू?

पावलं थांबली. मी बाहेर आले. कुणी नव्हतं. उंबऱ्यावर कासव्वा तांदूळ निवडत बसलेली. आक्का म्हणाल्या, "आत्ताच गेली की. तुज्या दाराकडं बघून गेली."

मी तक्ता काढला आणि तशीच मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. खोट्या खुणा, खोट्या सह्या, खोटे खडे, सगळं सांगितलं. फक्त थोरलीचं सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा काढला. "खडे काढल्यावर माणूस दिवसातून दहा वेळा संडासाला पळत नाही, सिस्टर. पहिल्याच दिवशी कळलं मला काहीतरी आहे ते. कधी सांगताय याची वाट बघत होते." मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "पण मग पाठ कुणी सांभाळली?"

"मला माहीत नाही, मॅडम."

त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. लाल शाईचं पेन पुढे केलं. पाच दिवसांच्या सगळ्या खुणा मी एक-एक करून खोडल्या, प्रत्येकीपुढे सही केली. त्यांनी घरी पाठवलं नाही. म्हणाल्या, "उद्यापासून कासव्वाला हाक मारायची. मोठ्याने. मला इथे ऐकू आली पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून कासव्वा आणि मी मिळून आक्कांना वळवू लागलो. थोरली परत आली नाही. आक्का रोज विचारायच्या, "ती का येईना गं?" मी म्हणायचे, "रजेवर आहे." तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा टेंपो घेऊन आला. पाठ कोरी, कातडी अखंड. उचलून ठेवताना आक्कांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"थोरलीला सांग, गंगी घरला गेली. पाट दुकत न्हाय म्हनावं. लई जीव लावला बाई तिनं."

"सांगते," म्हणाले.

नंतर मी स्वतःची खूप उलटतपासणी घेतली. लकवा झालेल्या बाईला भास होऊ शकतात, पण भास पाठीला पावडर लावत नाहीत. अशक्तपणात मीच उठून करत असेन आणि विसरत असेन, असंही समजून पाहिलं. पण मला त्या दिवसांत पाण्याची भरलेली बादली उचलत नव्हती. आणि पाचव्या दिवशी तर मी गाठोड्यावर बसून ऐकत होते. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

दोन वर्षांत शरीराने तक्रार केली आणि आतडं पुन्हा जोडून घ्यावं लागलं. गेलेलं वजन शिस्तीत परत आलं. आज मी चौऱ्याण्णव किलो आहे. आई खूश आहे. मीही पेशंट वळवताना पुन्हा "चला माहेरी" म्हणते, पण कासव्वाला हाक मारूनच.

निरोप मात्र अजून माझ्यापाशीच आहे. एकदा घरात कुणी नसताना युनिफॉर्म घालून आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "गंगाआक्कांची पाठ दुखत नाही." आरशातली बाई दांडगी होती, तोंड माझ्यासारखंच. पण तिने मान खाली घातली.

थोरलीने घातली नसती.