वाचून न दाखविलेला अर्ज

माझा मुलगा मनोहर याच्या वजनास मी जबाबदार आहे, हे मी कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत राहून लिहून देत आहे.

(दडपण अजिबात नाही, असे म्हणता यायचे नाही. पत्नी शेजारच्याच खोलीत आहे. पण शुद्धीत मात्र निश्चित आहे.)

मी अर्जनवीस आहे. नागपुरात कचेरीच्या फाटकाबाहेर, चिंचेच्या झाडाखाली माझे टेबल असते. शिक्षण मॅट्रिक, दोन इयत्ता कमी. तरीही माझ्या लेखणीने भल्याभल्या साहेबांचे डोळे पाणावले आहेत. या धंद्यात दोन नियम मी जन्मभर पाळले. पहिला, कागदावर कोरी जागा सोडायची नाही. मजकूर संपला की उरलेल्या जागेवर तिरपी रेघ ओढायची, नाहीतर तिथे कोण काय लिहील, सांगता येत नाही. दुसरा नियम, अर्ज अर्जदाराला वाचून दाखवायचा आणि मगच खाली लिहायचे: ‘वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे.’ हे दोन्ही नियम मी कचेरीत काटेकोर पाळले. घोटाळा झाला तो घरी.

मनोहर जन्मला तेव्हा आम्ही लकडगंजात राहत होतो. मूल चारचौघांसारखे होते. ना जाड, ना बारीक. त्याची आई, माझी पत्नी कमल, ही भिवापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथी पास. तिला दूध भरपूर होते आणि मूल पिऊन समाधानाने झोपत होते. म्हणजे घरात तक्रार करण्यासारखे काहीही नव्हते. अशा परिस्थितीत अर्जनवीसाने काय करावे?

मी तक्रार शोधली. समोरच्या घरात कोर्टातले एक कारकून राहत. त्यांच्या खिडकीत बाळाच्या दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असत. डब्यावर गुबगुबीत बाळाचे चित्र, आणि सगळा मजकूर इंग्रजीत! मी तो मजकूर जवळजवळ वाचू शकत असे. आमच्या बाळाच्या दुधावर एक अक्षरही छापलेले नव्हते. ज्याच्यावर काही छापलेले नाही, त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

त्या वर्षांत हे डबे सहजी मिळत नसत. पुरवठा खात्याकडे अर्ज करावा लागे, मग कार्ड मिळे. अर्ज! मी त्याच दिवशी टेबलावर बसलो आणि आयुष्यातला उत्कृष्ट अर्ज लिहिला. ‘अर्जदार स्त्रीचे अपत्य अत्यंत कृश असून त्याच्या बरगड्या दुरून मोजता येतात. अर्जदार स्त्रीस दूध येत नाही. सबब मायबाप सरकारने...’ लिहिता लिहिता मलाच त्या मुलाची दया येऊ लागली. डॉक्टरांचा दाखला लागत होता, तोही मी मिळवला. (कसा, ते या ठिकाणी नमूद करण्याचे कारण नाही.) अर्ज आईच्या नावे असल्यामुळे सही कमलची हवी होती. ती भाकरी थापत होती.

“कशाची सही होय?”

“पोराच्या दुधाची.”

तिने पिठाच्या बोटांनी सही केली. मी खाली लिहिले: ‘वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे.’ आणि उरलेल्या जागेवर तिरपी रेघ ओढली.

कार्ड आले, डबे आले. खिडकीत रस्त्यावरून दिसतील असे मी ते मांडले. डब्यावर लिहिले होते की चमचा सपाट भरावा. पण सरकारने एवढ्या आस्थेने दिलेले दूध सपाट कसे घालायचे? मी शिगोशीग घातले. बाटली मी स्वतः पाजत असे, कारण बाटलीवर औंसाच्या रेघा होत्या आणि रेघांचे काम माझे.

तीन-चार दिवसांतच अडचण उभी राहिली. बाळाने दोन औंस शिल्लक असताना तोंड फिरवले.

कमल म्हणाली, “पोट भरलं त्याचं. राहू द्या ना.”

“अवं, दोन औंस बाकी आहेत.”

“मंग राहू द्या बाकी. आमच्या घरी वासरू पन आपल्या मनानं आचळ सोडते. त्याले कोनी धरून नाही ठेवत.”

आता वासराचे आणि माझे शिक्षण सारखे नाही, हे मी तिला समजावून सांगितले. दोन औंसांची ती कोरी जागा मला बघवेना. मी बाळाच्या गालाला बोट लावले. गालाला बोट लावले की मूल आपोआप तोंड उघडते, हा शोध माझा. उघडलेल्या तोंडात मी बाटलीचे रबरी बोंड सरकवले आणि दोन औंस संपवूनच उठलो. पुढे रोज तेच. बाळ तोंड फिरवी, मी गालाला बोट लावी. थोड्या महिन्यांत त्याने तोंड फिरवणे सोडून दिले. मला वाटले, मुलाला शिस्त लागली!

इकडे मी कचेरीत गेलो की कमल त्याला पदराखाली घेत असे. त्यामुळे मुलाचा आहार दोन पाळ्यांत चालू होता. एका पाळीला दुसऱ्या पाळीची खबर नव्हती. (म्हणजे मला नव्हती. कमलला सगळे ठाऊक होते.)

मनोहर दहा महिन्यांचा झाला तेव्हा त्याच्या मनगटावर दोऱ्याने बांधल्यासारख्या वळ्या पडल्या होत्या, आणि मानेचा शोध आंघोळीच्या वेळीच लागत असे. त्याच सुमारास लकडगंजातल्या महिला मंडळाने सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. मी लगोलग नाव दिले. बाळांना तोलायला त्यांनी टोपलीचा छोटा काटा आणला होता. मनोहरला त्यात ठेवताच सुई शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली आणि पुन्हा मागे येईना. मग शेजारच्या धान्याच्या दुकानातून मोठा तराजू आणि हमाल आला. एका पारड्यात मनोहर, दुसऱ्यात लोखंडी वजने. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात. हमालाने सवयीने सुरू केले, “लाभ... दोन... तीन...” दोन-दोन किलोंची सहा वजने चढली तरी पारडे हलेना. सातव्याला मनोहर वर उचलला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर!

बक्षीस द्यायला पुरवठा खात्याचे साहेब आले होते. चिठ्ठीवरचे नाव वाचून ते थबकले. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “तुम्हीच ना ते, बरगड्या दुरून मोजता येतात वाले?”

मी चपला शोधू लागलो. पण साहेब रागावले नव्हते. ते गहिवरले होते! त्यांनी मनोहरला उचलण्याचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि तिथेच भाषण सुरू केले. हे बाळ म्हणजे हाडांचा सापळा होते, असे त्यांनी सांगितले. या माउलीला दुधाचा थेंब नव्हता. पण खात्याने वेळेवर डबे दिले आणि आज हा चमत्कार आपल्यासमोर आहे!

मंडळातल्या बायका कमलकडे पाहू लागल्या. शेजारणीचे तान्हे दोन महिने तिनेच पाजले होते, आणि ती शेजारीण पहिल्याच रांगेत बसलेली होती. कमल माझ्याकडे पाहत होती. मी छताकडे पाहत होतो.

तेवढ्यात टाळ्यांनी घाबरून मनोहर रडू लागला. कमल शांतपणे खाली बसली, तिने त्याला पदराखाली घेतले, आणि सभागृहात एवढी शांतता पसरली की मूल घटाघटा पीत असल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

साहेबांनी भाषण अर्ध्यात संपवले. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “अर्जनवीस, उद्या ते कार्ड घेऊन या.”

घरी परतताना कमल मनोहरला घेऊन पुढे चालत होती. दाराशी आल्यावर तिने विचारले, “मले दूध येत नाही, हे मी लिहून देल्लं होतं?”

“सही तर तुझीच आहे.”

“वाचून काहून नाही दाखवलं जी?”

मी कुलपाची किल्ली शोधू लागलो. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. तेवढ्यावर भागले, असे मी समजलो.

कार्ड गेले, पण बाटली राहिली. गाईचे दूध साखर घालून त्यातच चालू झाले. बाटली गेल्यावर ताट आले. नियम तोच, कोरी जागा सोडायची नाही. मनोहरने तो असा पाळला की त्याचे ताट घासावे की नाही, असा प्रश्न पडे.

तो सात वर्षांचा झाला. दुसरीत गेला. शर्यतीत अर्ध्या मैदानात बसला आणि त्याला धाप आवरेना. मुले त्याला ‘पोतं’ म्हणू लागली होती, म्हणून संध्याकाळी तो खेळायला जात नाही, हे मला तेव्हा कुठे कळले. शाळेची चिठ्ठी आली, मूल डॉक्टरांना दाखवा. आम्ही तिघे गेलो. म्हणजे साडेतीन, कमलला सातवा महिना होता.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मनोहरला काट्यावर उभे केले आणि लहानपणापासूनचे सगळे विचारले. मी सगळे सांगितले: डबे, शिगोशीग चमचे, गालाला लावायचे बोट. शोधाबद्दल शाबासकी मिळेल, अशी थोडी आशा होती.

डॉक्टरांनी मनोहरला जवळ घेतले. “काय गा, जेवताना पोट भरलं, हे तुले कसं समजते?”

मनोहरने थोडा विचार केला. “ताट रिकामं झालं की समजते.”

“आन् ताटात अजून वाढलं तर?”

“मंग भरलंच नाही ना.”

मी हसलो. कुणीच हसले नाही, म्हणून थांबलो. डॉक्टर मला म्हणाले, “हे बघा, सगळा दोष बाटलीचाच, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गोष्टी असतात. काही मुलं बाटलीवर वाढूनही काटक राहतात. पण पोट भरलं की थांबायचं, हे मूल जन्मतःच घेऊन येते. याच्याही जवळ होतं ते. तोंड फिरवून सांगत होता तुमाले. तुमी त्याले पोटाकडे पाहायचं सोडायला लावलं आन् बाटलीकडे पाहायला शिकवलं.”

“आता काय करावं?”

“आता हळूहळू उलटं शिकवा. रोज एक घास ताटात राहू द्या. आन् पळू द्या त्याले, मागं राहिला तरी.”

ज्या माणसाने बावीस वर्षे कागदाचा एक इंच कोरा सोडला नाही, त्याला ताटात एक घास उरवायला सांगत होते! पण मनोहर माझ्या बोटाला धरून दवाखान्याच्या तीन पायऱ्या उतरला आणि खाली येऊन श्वास घ्यायला थांबला. मीही थांबलो. त्या दिवशी मी वाद घातला नाही.

एक घास ताटात राहू लागला. सुरुवातीला मनोहर त्या घासाकडे पाहून रडे. महिनाभराने रडणे थांबले. पुढच्या वर्षी तो शर्यतीत शेवटचा आला, पण आला. कमलने त्या दिवशी शिरा केला आणि त्यातलाही एक घास उरवायला लावला. (ते उरलेले घास कोण संपवत होते, याची चौकशी माझ्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे करावी.)

मधल्या काळात मुलगी झाली, शोभा. कार्डाची पद्धत तेव्हाही होती. आणि काय सांगावे, बारशाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत गिऱ्हाईक नव्हते, समोर कोरा कागद होता आणि हात सवयीने चालू लागला. सपाट चमचे घालू, बोट लावणार नाही, असे मी मनाशी ठरवलेही होते. अर्ज घेऊन मी घरी आलो. कमल भिंतीला टेकून शोभाला पाजत होती.

“यावर सही कर.”

“वाचून दाखवा.”

सात वर्षे ती हे दोन शब्द राखून बसली होती! मी खाकरलो आणि वाचू लागलो. “अर्जदार स्त्रीचे अपत्य अत्यंत कृश असून...” शोभा चुटूचुटू पीत होती. “अर्जदार स्त्रीस...” इथे मी कागदाची घडी घालू लागलो.

“पुढं वाचा ना. काय येत नाही मले?”

तेवढ्यात शोभाने स्तन सोडला, तोंड फिरवले आणि डोळे मिटले. माझे बोट तिच्या गालाकडे निघाले होते. कमलने नुसते पाहिले. बोट परत आले.

“झालं तिचं,” ती म्हणाली. “द्या तो कागद इकडं.”

मी कागद दिला आणि लेखणीही दिली. तिरपी रेघ सहीनंतर ओढायची असल्यामुळे खालची जागा अजून कोरी होती. त्या कोऱ्या जागेत तिने चौथी पासच्या ठळक, सुट्या अक्षरांत लिहिले: ‘वाचून दाखवला. समजला. बरोबर नाही. नामंजूर.’ आणि खाली सही केली. या वेळी बोटांना पीठ नव्हते.

शोभा आता शाळेत जाते. पोट भरले की अर्धी पोळी ठेवून उठते आणि पळत सुटते. मी त्या अर्ध्या पोळीकडे पाहत बसतो आणि कमल माझ्याकडे. तो कागद मी जपून ठेवला आहे. माझ्या लेखणीतून उतरलेला आणि नामंजूर झालेला तो एकमेव अर्ज. त्याविरुद्ध अपील कोणत्या साहेबाकडे करावे, याची चौकशी मी इतकी वर्षे करतो आहे. सगळे साहेब एकच सांगतात, की त्यांचेही अपील घरी बायकोकडेच पडून आहे.