तबकडीवर नसलेलं नाव

मालवणच्या बंदरात पडावावर चढले तेव्हा मला पोचवायला फक्त आई आली होती. तेव्हा मुंबईला जायचं तर बोटच, आणि बोट लांब खोल पाण्यात उभी. आईने पोह्यांचं गाठोडं हातात दिलं आणि म्हणाली, "रडू नको. आणि परत येव नको गो. हे तुका जगूक देवचे नाय."

हे म्हणजे तुम्ही. माझे गाववाले.

गुन्हा काय, तर सप्ताहात बुवांचा आवाज बसला आणि अर्धा राहिलेला अभंग मी बायकांतून उचलला. सतरा वर्षांची होते. शेवटच्या चरणापर्यंत पोचलेही नव्हते, तोच बुवांनी झांजा खाली आपटल्या. "बायलमाणूस देवळात गाता? हो काय तमासो?" पेटीवर माझे बाबा होते. शाळामास्तर. मला सूर त्यांनीच शिकवले होते. त्यांनी भाता बंद केला आणि मान खाली घातली. पुढच्या महिन्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं. विहिरीवर मला बघून बायका घागरी उचलून जाऊ लागल्या.

मुंबईत माझगावला मावशीच्या खोलीत राहिले. रेकॉर्डिंगला कोरसमध्ये जागा मिळाली. संगीतकार म्हणायचे, "आवाज चांगला आहे, पण बाई, उच्चार कोकणी. मागे उभ्या राहा." दहा वर्षं माइकपासून चार हात मागे उभी राहून गायले. एकदा भजनाच्या रेकॉर्डिंगला मोठ्या गायिकेचा गळा वरच्या पट्टीत जाईना. तिसरा टेक फुकट गेल्यावर मला पुढे बोलावलं. अख्खं भजन मी गायले. तबकडी निघाली, लेबलवर नाव त्यांचं. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "तुमचं नाव कोण ओळखतं?"

पुढच्या वर्षी भावाचं पत्र आलं. जत्रेत कर्ण्यावर ती तबकडी तीनदा वाजली आणि बुवा डोळे पुसत म्हणाले, "आवाज आसूचो तर असो." मी उलट टपाली लिहिलं, तो आवाज माझा आहे. भावाने कळवलं, "उगाच बढाया मारू नको. लोक हसतात."

बाबांनी मात्र ओळखलं होतं. ते गेल्यावर आईने सांगितलं. कर्णा वाजत होता तेव्हा ते देवळामागे एकटेच उभे होते आणि घरी येऊन म्हणाले, "आपला चेडू ता." आपली मुलगी ती. ओळखलं, आणि चारचौघांत तोंड उघडलं नाही. हा राग तुमच्यावरच्या रागापेक्षा मोठा आहे.

बाबांच्या बाराव्याला मी गावी होते, तेव्हा बुवा आमच्या अंगणात आले. त्यांनाही आता आईकडून कळलं होतं. "सोमवारपासून सप्तो आसा. एक अभंग म्हण. काळ बदललो गो."

"काळ तुमचो बदललो," मी म्हटलं. "माझी वर्सां कोण देतलो?"

ते निघून गेले. मी आईचं सामान बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले.

आता घर म्हणजे ही माझगावची खोली. गुरुवारी दुपारी सात-आठ बायका जमतात, कुणी गिरणीतल्या, कुणी भाजी विकणाऱ्या. आई टाळ धरते आणि दरवेळी ठेका चुकवते. मी कुणाचेच उच्चार सुधारत नाही. तुमच्यापैकी कुणाची मुलगी गात असेल तर तिला पाठवा, आम्ही सरकून जागा करू.

तुम्ही येऊ नका.