पेडणेकर सरांनी फक्त स्विच टाकला

बातमी आली तेव्हा मी वरळीच्या ऑफिसात कँटीनच्या लाइनीत उभी होते, आणि ती आली ती स्टिकरसकट. लालबागच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या मुलांचा ग्रुप आहे, त्यावर कोणीतरी टाकलं, ‘फॉरमॅट काका गेले यार, झोपेतच’. खाली पंधरा-वीस जोडलेले हात, आणि त्यांच्यामध्येच कोणाच्या तरी बोटाखाली सवयीने आलेलं ते जुनं स्टिकर… पेडणेकर सरांचा चेहरा आणि कपाळावर भरत चाललेली हिरवी पट्टी. फॉरमॅट काका हे नाव मुलांनी पाडलेलं, पण ते स्टिकर मी बनवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बसमध्ये बसून, नायगावला घरी पोचेपर्यंत. लोक त्यावर इतके हसले होते की मला दिवसभर भारी वाटत होतं.

सर म्हणजे क्लासचे लॅब इन्चार्ज. तिसरा मजला, चाळीस मशीन, आणि खाली मिरची कुटायला लागले की अख्खी लॅब एकदम शिंकायची. सर तिथे मी जन्माला यायच्या आधीपासून होते. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते हे आधीच सांगते, कारण माणूस गेला की लिहिणारे त्याला प्रेमळ करून टाकतात. मी असिस्टंट म्हणून लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नेटवर्कची वायर बनवायला दिली. मी बनवली, त्यांनी ती बघितली, आणि वीस मुलांसमोर कात्रीने तिचं टोक कापून टाकलं. "परत." परत बनवली, परत कापली. असं अकरा वेळा. मुलं मोजत होती. बाराव्या वेळी वायर चालली तेव्हा म्हणाले, "चला, तेजश्री मॅडमांका दोरी बांधूक येता. उद्या गाठ शिकवतंय." एरवी पुस्तकी मराठी, पण टोमणा मारायचा असला की माणूस मालवणीत शिरायचा. मुलं हसली. मी पण हसले आणि मनात ठरवलं, थांबा तुम्ही.

तर माझी संधी म्हणजे सर्व्हर. सर दर सहा महिन्यांनी चाळीसच्या चाळीस मशीनवर सगळं नव्याने टाकायचे, पेनड्राइव्ह घेऊन, एकेका मशीनसमोर स्टूल ओढत. आठवडा जायचा. मी मॅडमना, म्हणजे क्लासच्या संचालिकांना सांगितलं की हे एका दुपारचं काम आहे. एक सर्व्हर ठेवायचा. मशीन चालू झालं की ते स्वतःच्या डिस्ककडे बघायच्या आधी वायरमधून विचारतं, माझ्यासाठी काही आहे का? सर्व्हर त्याला मेनू पाठवतो. मेनूत दोन ओळी. एक, आपल्या डिस्कवरून चालू हो. दुसरी, सगळं पुसून नवीन टाक. दहा सेकंदांत कोणी काही निवडलं नाही तर जी ओळ पहिली असेल ते आपोआप होतं. म्हणजे मी एका जागी बसून अख्खी लॅब नवी करू शकते, स्टूल नको नि पेनड्राइव्ह पण नको. मॅडम सरांसमोरच म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आपण काय करत होतो हो पेडणेकर?" सर हातातल्या पेनड्राइव्हला टोपण लावायला लागले आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आणि तरी त्यांनी मदत केली. प्रत्येक मशीनला ‘आधी वायर, मग डिस्क’ हे शिकवायचं होतं, त्यातली वीस मशीन त्यांनी स्वतः केली, कारण मागच्या रांगेतली जुनी मशीन कोणतं बटण दाबल्यावर ऐकतात ते फक्त त्यांनाच माहीत. चाळीस नंबरला ते हात लावू देत नव्हते. ते लॅबमधलं सगळ्यात म्हातारं मशीन, त्यावर बॅकअप असायचा, मुलांचे प्रोजेक्ट, परीक्षांचं सगळं. मी म्हटलं, "एक बाहेर ठेवलं तर सिस्टीमचा अर्थच काय सर?" मॅडम म्हणाल्या बरोबर आहे. मग त्यांनी तेही केलं. उठताना एवढंच म्हणाले, "मेनूत पहिली ओळ डिस्कची ठेव गो. पुसायची ओळ कधी पयली ठेवू नको, टेस्टिंगला पण नको. माणूस विसरता." मी म्हटलं, "सर, आम्ही विसरत नाही, आम्ही रिमाइंडर लावतो."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ती पुसायची ओळच वर घेतली. दसऱ्यानंतर मॅडमना डेमो द्यायचा होता आणि मला दाखवायचं होतं की बघा, बटणाला हातसुद्धा न लावता होतं. एका मोकळ्या मशीनवर करून बघितलं, मस्त झालं, मी सर्व्हरच्या स्टोअररूममध्ये एकटीच नाचले, अक्षरशः नाचले, आणि रूमला कुलूप लावून घरी गेले. रिमाइंडर लावला नाही.

आता आमच्या क्लासची पद्धत अशी की खंडेनवमीला सगळी मशीन बंद करून त्यांची पूजा. हळदकुंकू, प्रत्येक मॉनिटरवर झेंडू, दिवसभर कोणी कशाला हात लावायचा नाही. मग दसऱ्याला सकाळी मुलं, पालक जमतात, आरती होते आणि सर मेन स्विच टाकतात. त्यांनी मशीनच तशी लावून ठेवली होती की वीज आली की चाळीसही आपोआप जागी होतील. वर्षातून एकदाच, एका खटक्यात अख्खी लॅब उजळायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. सरांना दुसरी हौस म्हणून नव्हती. त्या दिवशी ते इस्त्रीचा झब्बा घालायचे.

त्यांनी स्विच टाकला. चाळीस पडदे उजळले. टाळ्या झाल्या. आणि मग एकेका पडद्यावर पुसणं कुठवर आलं ते दाखवणारी तीच हिरवी पट्टी सरकायला लागली, झेंडूच्या माळांखाली, पहिल्या रांगेपासून मागे मागे. लोकांना वाटलं हे यंदाचं नवीन काहीतरी, त्यांनी अजून टाळ्या वाजवल्या. मला कळायला तीन-चार सेकंद लागले असतील, आणि त्या तीन-चार सेकंदांत माझ्या डोक्यात काय आलं ते लिहिते. अरे, चाळीस एकदम झेपले की माझ्या सर्व्हरला. हे आलं.

मग मी पळाले. स्टोअररूमची चावी माझ्याकडेच. पुढच्या मशीनच्या डिस्क एव्हाना गेल्याच होत्या, पुसायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण चाळीस नंबर सगळ्यात उशिरा जागं व्हायचं. त्याने मेनू घेतला होता, पुसणारा प्रोग्राम मात्र अजून वायरीतून येत होता. सर्व्हरची वायर ओढली असती तर ते वाचलं असतं. वायर माझ्या हातापासून वीतभर होती. मी खुर्चीवर बसले, फाइल उघडली, पुसायची ओळ खाली आणि डिस्कची ओळ वर केली, सेव्ह केलं… आणि मग वायर ओढली. मी खूप फास्ट टाइप करते. तरी उशीर झाला.

बाहेर मॅडम विचारत होत्या, "स्विच कोणी टाकला?" सगळ्यांना माहीत होतं कोणी टाकला. सर म्हणाले, "मी." मुलांचे फायनल प्रोजेक्ट गेले होते, बॅकअप पण गेला होता. एका मुलीचे वडील सरांच्या इतके जवळ गेले की झब्ब्याला गुलाल लागला. "म्हातारा झालात तर घरी बसा ना, आमच्या पोरीचं वर्ष कशाला खाता?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सिस्टीम बरोबर आहे मॅडम, मेनू चेक करा, पहिली ओळ डिस्कचीच आहे. चाळीस एकदम चालू केले तर काय होतं ते मी टेस्ट केलं नव्हतं. मला कोणी विचारलं पण नव्हतं." मॅडमनी आणि त्यांच्यामागून सरांनी आत येऊन बघितलं. होतीच ओळ.

सोमवारपासून सरांची खुर्ची दाराशी गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत सही घ्यायची, एवढंच काम. लॅब माझ्याकडे आली. मुलं सही करताना विचारायची, "काका, पेन फॉरमॅट तर नाही ना होणार?" सर पेन पुढे करायचे. टोमणे मारणारा माणूस, पण दाराशी बसल्यापासून त्यांनी कोणालाही एक टोमणा मारला नाही, मलाही नाही, आणि मला वाटलं चला, निवळले. एकदाच, डबा खाताना, मला म्हणाले, "तेजश्री, खरं सांग, पहिली ओळ डिस्कची होती ना?"

"हो सर. तुम्हीच बघितलीत ना."

"मग बरां," म्हणाले, आणि भात कालवायला लागले. "म्हणजे माझ्याकडूनच काहीतरी झालं."

पुढे मला वरळीची नोकरी लागली. काम काय, तर चार शहरांतल्या मशीनवर इथे बसून सॉफ्टवेअर टाकायचं. इंटरव्ह्यूत मी लालबागचा सर्व्हर सांगितला होता. दसरा सोडून सगळं सांगितलं होतं.

सर गेल्याचं वाचूनही मी त्यांच्या घरी गेले नाही. तीन आठवड्यांनी फोन आला. "तेजश्री काय गो? मी पेडणेकर सरांची बायको. हयसर त्यांचा एक मशीन चालूच आसा, ते गेल्यापासून. बंद कसा करूचा ता आमका म्हायत नाय. ते सांगत होते, कायव अडला तर तेजश्रीक बोलव, तिका सगळा येता."

लालबागचीच चाळ, दहा बाय बाराची खोली. खाटेखाली तीन जुनी मशीन, त्यातलं एक घुं घुं करत होतं. मी वाकून बघितलं आणि मला कळलं ते काय आहे. सर्व्हर होता. माझ्यासारखाच. सरांनी घरी बसून, कोणाला न विचारता, पहिल्यापासून शिकून उभा केलेला. बाकीची दोन त्यावरून चालू व्हायची. मी एक लावून बघितलं. मेनू आला, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेला. पहिली ओळ, ‘आहे तसं राहू दे’. दुसरी पुसायची, आणि तिला पासवर्ड. पासवर्डची अक्कल मला आजपर्यंत आली नव्हती.

"ह्यात ते काय करायचे काकी?"

"काय करतले? रोज संध्याकाळी ती दोनव एकदम चालू करायचे. मगे वहीत लिवायचे. मी म्हणायचंय, पुरे करा आता. तर म्हणायचे, माझी चूक खय झाली ती सापडाक होयी."

काकींनी उशीखालून वही काढून दिली. पानंच्या पानं एकच ओळ. ‘दोन्ही एकदम चालू केली. डिस्कवर गेली. पुसले नाही.’ खाली परत तीच. मध्येच कुठे, ‘स्विच ओल्या हाताने टाकला होता का?’ मध्येच, ‘आरतीचे पाणी?’ पहिल्या पानावर कारणांची यादी होती. कारण एक, ‘मेनूत पुसायची ओळ पहिली राहिली असावी.’ त्याच्यावर पट्टीने आखलेली रेघ, आणि बाजूला, ‘नाही. तेजश्रीला विचारले.’

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, खाली बघून, भरभर, जसं मी सगळंच सांगते. झाल्यावर काकींनी गॅस बंद केला, माझ्यासाठी ठेवलेला चहा होता त्याच्यावर.

"ह्या कोणाकोणाक सांगलंस?"

"कोणालाच नाही काकी. तुम्हालाच पहिल्यांदा."

"माका सांगान काय उपेग? त्यांका बोलले ते घरात येऊन नाय बोलले. सगळ्या पोरांसमोर, आईबापसांसमोर बोलले. आणि तू माका एकटीक सांगतंस, दार ओढून घेऊन."

"मी लिहिते. पेपरला देते. ग्रुपवर पण टाकते."

"तुझ्या नावान?"

"हो."

तर ते हे. दसऱ्याला मेनूतली पहिली ओळ पुसायची होती, ती मी ठेवली होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मी ती बदलली. पेडणेकर सरांनी आरती केली आणि स्विच टाकला, दरवर्षीसारखा. त्यांची चूक कुठेही नव्हती. जे शोधत होते ते नव्हतंच, म्हणून सापडलं नाही.

निघताना मी म्हटलं, मशीन बंद करून जाते, आणि वाकून हात पुढे केला. काकी म्हणाल्या, "नको. तू हात लावू नको." मग माझ्याकडे न बघता, "आसांदे चालू."